‘पोलादी विहिरी’ची शेवटची दोन पानं

“बापू, हे काय आहे?”

नुकताच छापून आलेला अंक मी त्यांच्या टेबलावर आपटला. शाईची बाटली हलली. बापूंनी ती पडायच्या आत धरली, पण मान वर केली नाही.

“अंक आहे.”

“शेवटून दुसरं पान बघा. खालचं मोठं चित्र. ऐरणच्या संवादाच्या फुग्यात मी काय लिहून दिलं होतं?”

बापूंनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, पान जवळ धरलं. जणू स्वतःचं अक्षर त्यांना ओळखू येत नव्हतं.

“तुम्ही ‘मर!’ लिहिलं होतं.”

“आणि तुम्ही काय लिहिलंत?”

“ऊठ.”

“का?”

“बसत नव्हतं फुग्यात.”

“दोन अक्षरं बसत नव्हती, म्हणून तुम्ही दोन अक्षरं बसवलीत?”

यावर बापूंनी बोरू पुसला, बाटलीचं झाकण लावलं आणि चहाला निघून गेले.

ही गोष्ट ब्याऐंशी सालच्या हिवाळ्यातली. मी चोवीस वर्षांची होते. निपाणीहून सांगलीला मावशीकडे राहायला आले होते आणि ‘चौकट’ नावाच्या साप्ताहिकात भाषांतराचं काम करत होते. संपादक आबासाहेब तगारे यांना फटाफट इंग्रजी वाचणारं कुणीतरी हवं होतं, आणि मला मावशीच्या घरातून रोज आठ तास बाहेर राहायचं होतं. दोघांचं जमलं.

‘पोलादी विहीर’ ही चित्रकथा मूळ इंग्लंडची. लंडनच्या एका मुलांच्या साप्ताहिकात ती दर आठवड्याला यायची. मुंबईची एक एजन्सी तिच्या चित्रांचे ब्रोमाइड, म्हणजे छपाईसाठी काढलेले फोटो, आमच्याकडे पाठवायची, त्यातले संवादांचे फुगे कोरे ठेवून. सोबत इंग्रजी मजकुराचे टाइप केलेले कागद. मी मराठी करायचं, बापू गुरवांनी त्यांच्या देखण्या अक्षरात ते फुग्यांत भरायचं, आणि गुरुवारी दुपारी चार वाजता पान छपाईचे ठसे करणाऱ्या ब्लॉकवाल्याकडे जायचं, असा शिरस्ता होता.

कथा शंभर वर्षांनंतरची होती. युद्धं बंद झालेली, म्हणून माणसांची रग जिरवायला सरकारनंच एक खेळ काढलेला. शहराच्या मधोमध पोलादाची एक प्रचंड विहीर. लोहचुंबकाचे बूट घालून दोन्ही बाजूंचे नऊ-नऊ गडी तिच्या आतल्या भिंतीवरून धावायचे आणि एक तापलेला गोळा एकमेकांकडून हिसकावायचे. जत्रेतला मोटारसायकलींचा ‘मौत का कुआँ’ डोळ्यांपुढे आणा आणि त्यात हुतुतू सुरू आहे असं समजा. पडला तो पडला. बदली गडी नाही. वरून लाखभर माणसं ओरडत असतात. चांगल्या संघाचा कप्तान टॉम हार्डविक. आणि दुसऱ्या बाजूला एक राक्षसासारखा गडी, ज्याला सगळे त्याच्या टोपणनावानं ओळखत. त्या नावाचं मी ‘ऐरण’ केलं होतं.

ती कथा सांगली-मिरजेत कशी वाचली जायची, हे आता सांगून खरं वाटणार नाही. न्हाव्याच्या दुकानात एक जण मोठ्यानं वाचायचा आणि अर्धवट साबण लावलेले लोक ऐकायचे. माधवनगरच्या यंत्रमागवाल्यांची पत्रं यायची. टॉमला ही चाल करायला सांगा, ती करू नका म्हणावं.

यात बापूंचा वाटा मोठा होता, हे मी तेव्हाही मान्य करत होते. सुरुवातीला मी लिहायची, ‘त्याला अडवा, तो निसटत आहे!’ बापू कागद हातात घेऊन म्हणायचे, “प्रभाताई, मैदानावर असं कुणी ओरडत नाही. तेवढ्यात तो निसटून घरी जाऊन जेवेल.” मग ते सांगायचे, “‘घोट्यात धर! साखळी करा!’ असं लिहा.” मी लिहायची. हे सगळं त्यांना कुठून येतं, असं मी कधी विचारलं नाही. बापू एक्केचाळीस-बेचाळीसचे, अंगानं अजून दणकट, कमी बोलणारे. अक्षर लिहिणारा माणूस, एवढंच मला माहीत होतं.

त्या दिवशी ते चहाला गेल्यावर मी मागचे अंक काढले. ‘तुझी हाडं मोजून घे’ असं मी लिहिलेलं, तिथं ‘सांभाळ’ होतं. ‘आज जिवंत जाणार नाहीस’च्या जागी ‘अजून वेळ आहे, मागं फीर’ होतं. ऐरणच्या तोंडचे असे पाच संवाद सापडले, नवा धरून सहा. टॉमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या फुग्यात कानामात्रेचाही फरक नव्हता.

मी तणतणत आबासाहेबांकडे गेले. त्यांच्यापुढं मुंबईचं पत्र होतं.

“ते सोड,” ते म्हणाले. “हे वाच.”

लंडनचं ते साप्ताहिकच बंद पडलं होतं. चित्रकथा मध्येच तुटली होती. पुढचे ब्रोमाइड येणार नव्हते. आहे त्यात तुमचं तुम्ही काय ते संपवा, असं एजन्सीनं कळवलं होतं. आणि आमच्या ताज्या अंकात टॉम हार्डविक विहिरीच्या तळाशी पाठीवर पडलेला होता, त्याच्या छातीवर ऐरणचा लोखंडी बूट उगारलेला होता, आणि ऐरण म्हणत होता, “ऊठ!”

“दोन पानं देतो तुम्हाला,” आबासाहेब म्हणाले. “एकाच अंकात संपवून टाका. चौदा महिन्यांचे जुने ब्रोमाइड पडलेत कपाटात. तू आणि बापू बसा, कापा, चिकटवा. ऐरणला मारा. लोक सहा महिने तेच मागतायत.”

बापू चहाहून आले तेव्हा मी त्यांना हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ऐरणचं मरण मी चिकटवणार नाही.”

“म्हणजे?”

“दुसरं कुणी बघा.”

“बापू, चित्र आहे ते. शाई आणि कागद.”

“तेच म्हणतो. दुसऱ्या कुणाच्याही हातानं होईल.” आणि ते दिवाळी अंकाचं राहिलेलं एक शीर्षक लिहायला बसले.

आबासाहेबांनी मला आत बोलावलं, दार लोटलं.

“तुला बापूंचं काही माहीत नाही?”

“काय?”

“अख्ख्या सांगलीत माहीत नसलेली तू एकटीच असशील. बापू गुरवची पकड बघायला लोक इस्लामपुराहून सायकली हाणत यायचे. पासष्ट सालची हुतुतूची फायनल, इथंच सांगलीत. समोर कासारखिंडीचा संघ, त्यांचा चढाईचा गडी हणमंत शेळके. तेविसाचा पोरगा, वाऱ्यासारखा. शेवटची चढाई. बापूंनी घोटा धरला, हणमंता मधल्या रेषेकडे, पाटीकडे झेपावला, आणि पाठीवर असा काही पडला की…” आबासाहेब थांबले. “मिरजेला दवाखान्यात नऊ महिने होता. कमरेखाली गेलं सगळं. चौकशी झाली, बापूंचा दोष नाही असं ठरलं. पण दोन्ही गावांत चुरस होती, लोक चेकाळलेले. कुणीतरी उठवलं की पडलेल्या हणमंताच्या अंगावर वाकून बापू म्हणाले, ‘मर.’ त्या दिवसापासून हा माणूस मैदानावर गेलेला नाही.”

“आणि हणमंतरावांना भेटायला?”

“नाही. सतरा वर्षांत एकदाही नाही.”

त्या रविवारी मी कासारखिंडीची एस.टी. पकडली. का, ते खरं खरं सांगते. गुरुवारच्या आत पानं व्हायला हवी होती. मला वाटलं, त्या माणसानं एकदा ‘माझा राग नाही’ असं म्हटलं, की मी तो निरोप आणून देईन आणि बापू कात्री उचलतील. चोविसाव्या वर्षी मला माणसं इतकी सोपी वाटत होती.

गावात हणमंत शेळके कुठं राहतात विचारलं, तर एका बाईनं शाळेकडे बोट दाखवलं. “घरी कुठलं सापडायला? मैदानात असंल, पोरींवर खेकसत.”

शाळेमागं चुन्याच्या रेषा मारलेलं मैदान होतं. दहा-बारा मुली खेळत होत्या. कुणी परकर खोचलेला, कुणी भावाची चड्डी चढवलेली. कडेला एक माणूस बसला होता. लाकडी खुर्ची, तिला सायकलची दोन चाकं लावलेली. गळ्यात शिट्टी, खांदे बैलासारखे, पायांवर चौकडीची चादर.

“शालन! घोटा धरतीस का पाया पडतीस गं तिच्या?” तो ओरडला. मग माझ्याकडे बघितलं. “कोण?”

“‘चौकट’ साप्ताहिकातून आलेय. प्रभा आरवाडे.”

“मुलाखत देत न्हाई मी. आधीच सांगतो.”

“मुलाखत नको. मी बापू गुरवांबरोबर काम करते.”

त्यानं तोंडाशी नेलेली शिट्टी तशीच राहिली. मुली थांबून बघायला लागल्या.

“थांबायला कोण सांगितलं? खेळा!” मग दोन्ही हातांनी चाकं फिरवून त्यानं खुर्ची माझ्याकडे वळवली. “त्यानं पाठवलं?”

“नाही. त्यांना माहीत नाही.”

“मग जा माघारी. ज्यानं यायचं त्यो आला न्हाई. तू येऊन काय करणार?”

“तुमचा त्यांच्यावर राग आहे.”

“आहे की. का नसावा?” त्याचा आवाज चढला. “सांगलीहून दिवसाला चार गाड्या हायत इकडं. एक चुकली तर दुसरी. सतरा वर्षांत त्याला एक गाडी मिळंना?”

मी गोंधळले. “मला वाटलं, तुमचा राग त्या पकडीचा…”

“पकडीचा? पकड झ्याक होती!” त्यानं मांडीवर थाप मारली, तिथं ती लागली नसणारच. “बस तिथं. बस म्हणतो न्हवं. हे बघ. घोटा धरल्यावर गड्यानं काय करायचं? खाली बसायचं, दम टिकवायचा, हात लांबवायचा. मी काय केलं? उडी मारली. वर गेल्यावर अंग फिरवलं, पाटीला हात लागावा म्हणून. माझी खोड ती. मास्तर सांगून दमले होते, हणमंता, कधीतरी मान मोडून घेशील. घोटा त्याच्या हातात, आन् कंबर माझ्या खोडीनं फिरलेली. त्यानं ओढलं न्हाई. त्यानं धरलं. धरायलाच उभा होता त्यो.”

“हे तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?”

“सगळ्यांना सांगितलं! पंचांना, गावाला, डाक्टरला. कुणी ऐकंना. लोकांना वाटलं, मी मनाचा मोठेपणा करतोय. पाया पडाय लागले माझ्या.” तो खिन्न हसला. “त्या चढाईचं माझ्याशी धड बोलणारा जगात एकच माणूस हाय. आन् त्यो फुग्यात अक्षरं लिहीत बसतोय, म्हणत्यात.”

मैदानात मुलींचा दम घुमत होता. शालन नावाची ती लाल रिबिनवाली मुलगी पुन्हा पकड चुकली आणि धुळीत आपटली. त्यानं बघितलं, पण या खेपेस खेकसला नाही.

“एक गोष्ट मात्र मला कळाली न्हाई कधी,” तो हळू म्हणाला. “मी पडलो तवा त्यो माझ्यावर वाकला. तोंड हाललं त्याचं. माझ्या कानात नुसता लोकांचा कल्ला. लोक म्हणाले, ‘मर’ म्हणाला. मला खरं वाटत न्हाई. पण त्यो आला असता तर इचारलं असतं. आला न्हाई, म्हणून कधी कधी वाटतंय, खरंच म्हणाला असंल.”

तो अंक माझ्या पिशवीत होता. मी तो काढून त्याच्या मांडीवर उघडून ठेवला. तळाशी पडलेला गडी, वर उगारलेला बूट, आणि तो फुगा.

“इथं इंग्रजीत ‘मर’ होतं,” मी म्हटलं. “मी ‘मर’च लिहून दिलं. बापूंनी मला न विचारता हे घातलं. त्यावरून मी त्यांच्याशी भांडले. त्यांनी कारण सांगितलं नाही.”

त्यानं पान बराच वेळ बघितलं. अंगठ्यानं ती दोन अक्षरं घासून बघितली.

“अक्षर चांगलं हाय त्याचं,” तो म्हणाला.

दुकानातून चहा आला, तो प्यायलो. मी निघाले तेव्हा त्यानं हाक मारली.

“त्याला सांग, हणमंता बोलावतोय. आन् माफीबिफी मागायची असंल तर येऊ नको म्हणावं, माझा टाइम जातो. माझ्या पोरींना घोटा धरता येईना झालाय. मी खुर्चीतनं तोंडानं किती सांगणार? त्ये शिकवायला ये म्हणावं.”

सोमवारी सकाळी बापू आल्या आल्या मी सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. मला वाटलं होतं त्यांचा चेहरा उजळेल. तो पांढरा पडला.

“तुम्हाला कुणी जायला सांगितलं होतं?”

“कुणी नाही. पण बापू, त्यांनी…”

“माझ्या घरात न विचारता शिरलात तुम्ही, प्रभाताई.” आवाज चढलेला नव्हता, म्हणून तो जास्त लागला. त्यांनी बोरू डब्यात ठेवला, चष्मा खिशात घातला, टोपी घेतली आणि जिना उतरून गेले.

मंगळवारी ते आले नाहीत. बुधवारीही नाही. आबासाहेब म्हणाले, “एकुलता एक अक्षरवाला होता माझा. घालवलास.” त्यांचं खरं होतं. बापूंच्या घरी जायचं धैर्य मला होत नव्हतं. एकदा शिरून झालं होतं.

बुधवारी दिवसभर मी एकटीनं कात्री चालवली. ऐरण विहिरीत कोसळतो असं पान जुळवलं. पण मी कापलेले हात धडांना बसेनात, टॉमचं डोकं एका चित्रात दुसऱ्याच्या दुप्पट झालं, आणि मरताना ऐरण हसत होता, कारण डोळे वर केलेलं त्याचं एकच चित्र होतं आणि त्यात तो सामना जिंकलेला होता. पंक्चरच्या सोल्युशननं माझी बोटं एकमेकांना चिकटली. ते पान मी पालथं घालून घरी गेले.

गुरुवारी अकराला जिन्यावर पावलं वाजली. बापू आत आले. पँटीला गुडघ्यापर्यंत लाल माती, कोपर खरचटलेलं, दाढी तीन दिवसांची. त्यांनी कुणाकडे बघितलं नाही. माझं पान सरळ केलं, क्षणभर पाहिलं आणि टोपलीत टाकलं.

“ब्लॉकवाला चारलाच येतो ना?”

“हो.”

“सगळे ब्रोमाइड काढा. पहिल्यापासून.”

आम्ही जमिनीवर चौदा महिने पसरले. बापू गुडघ्यांवर बसून एकेक चित्र बघत सरकत होते. मधूनच, न विचारता, बोलायला लागले.

“मंगळवारी पहिल्या गाडीनं गेलो. दिवसभर शाळेच्या कट्ट्यावर बसलो. तो तिकडं, मी इकडं. एक शब्द नाही. दोनदा गाडी आली-गेली, मी उठलो नाही. संध्याकाळी पोरी आल्या. त्यानं शिट्टी मारली आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, ‘ती लाल रिबिनवाली, अंगठा बाहेर राहतोय तिचा.’ मी उठलो. अंगठा आत कसा घ्यायचा ते दाखवलं.” बापूंनी एक चित्र उचललं, ठेवलं. “मला वाटलं होतं, हात विसरले असतील. विसरले नव्हते.”

“मग बोलला असाल.”

“मग भांडलो. काल दुपारपर्यंत. तो म्हणतो चूक त्याची, मी म्हणतो माझी. तो मास्तरांचा दाखला देतो. मी म्हटलं, तू उडी मारलीस हे मला दिसलं होतं, मी हात सोडायला हवा होता. तो म्हणाला, सोडला असतास तर तोंडात मारली असती तुझ्या.”

मी बिचकत विचारलं, “त्या दिवशी तुम्ही काय म्हणाला होतात, ते विचारलं त्यांनी?”

“विचारलं.”

“आणि?”

“सांगितलं.” त्यांचा हात एका ब्रोमाइडवर थांबला. “हे बघा. हे चालेल.”

तिसऱ्या महिन्यातलं चित्र होतं. ऐरण एका पायावर वाकून, पंजा पसरून, तापलेला गोळा हिसकावायला झेपावतोय. बापूंनी कात्रीच्या टोकानं गोळा कोरून काढला. पसरलेला पंजा मोकळा राहिला. मग त्यांनी चित्र थोडं तिरकं केलं, खाली धरलं. हिसकावायला निघालेला तोच हात आता खाली पडलेल्या कुणाकडे तरी जात होता.

“टॉमचा हात हवा,” मी म्हटलं. “वर केलेला. पाचव्या महिन्यात तो भिंतीला लोंबकळतो…”

“काढा.”

आम्ही दुपारी जेवलो नाही. तो हात सापडला, मोठा होता; बापूंनी मनगटाशी कापून पांढऱ्या रंगानं बारीक केला. दोन पंजे एकमेकांत बसवले, जोड शाईनं बुजवला. फुग्यासाठी मी तीन वाक्यं लिहिली होती. बापूंनी तिन्ही वाचली आणि म्हणाले, “इथं फुगा नको.” फुग्याच्या जागी त्यांनी विहिरीची पोलादी भिंत काढली, एकेक खिळ्यासकट. शेवटच्या चित्राला आम्ही जुनीच गर्दी लावली, रक्तासाठी ओरडणारी, तोंडं वासलेली. तिच्यात काही बदललं नाही. तीच तोंडं होती, पण खाली उभे राहिलेले दोन गडी बघताना ती वेगळंच काही ओरडताहेत असं वाटत होतं.

आबासाहेबांनी पानं पाच मिनिटं बघितली.

“लोक शिव्या देतील.”

“देतील,” बापू म्हणाले.

“ऐरण हात का देतो? एखादं कारण तरी घाला.”

“कारण नको. देतो तो हात.”

आबासाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “मलाही नको वाटतं.” खाली ब्लॉकवाल्याची सायकल वाजली. आबासाहेब पुटपुटत पानावर सही करून मोकळे झाले.

शिव्या आल्या. पहिल्या आठवड्यात शंभरावर पत्रं, त्यातली ऐंशी तरी आमच्या नावानं खडे फोडणारी. ऐरणला जिवंत ठेवल्याबद्दल एका तालमीनं ठराव करून निषेध पाठवला. न्हाव्याच्या दुकानात दोन गट पडले. पण अंक कुणी बंद केला नाही, आणि महिन्याभरात आबासाहेब मला म्हणाले, “आता लंडनकडे काय बघतेस? नवीन चित्रकथा तूच लिही. बापू चितारी शोधतील.” तिथून मी लिहायला लागले ती आजवर लिहितेच आहे. बापूंनी माझ्या शब्दांत पुन्हा कधी फेरफार केला नाही. काही खटकलं तर पेन्सिलीनं समासात प्रश्नचिन्ह करायचे, आणि ते बहुतेक वेळा बरोबर असायचे.

रविवारी मात्र ते कार्यालयात सापडत नसत. पहिल्या गाडीनं जायचे, शेवटच्या गाडीनं यायचे.

पुढच्या वर्षी कासारखिंडीच्या मुलींचा संघ पहिल्यांदाच सांगलीला स्पर्धेला आला. हणमंतराव पासष्ट सालानंतर सांगलीत आलेले नव्हते. एस.टी.च्या टपावरून खुर्ची उतरवताना तिचं एक चाक निखळलं. सामना सुरू व्हायला दहा मिनिटं होती. बापू खाली बसले, पाठ पुढं केली आणि म्हणाले, “बस.”

“लोक बघतील,” हणमंतराव म्हणाले.

“बघू देत. बस लवकर.”

मी पाण्याची कळशी घेऊन मागून चालत होते. मैदानाच्या फाटकाशी चारपाच पिकलेल्या मिशांचे लोक पान जमवत उभे होते. त्यांनी आधी बापूंना ओळखलं, मग पाठीवर कोण आहे ते बघितलं. एकानं चुन्याचं बोट तसंच वर धरलेलं मला आठवतं. त्यांनी वाट करून दिली, त्यांच्या मागच्यांनी दिली, आणि बघता बघता दोराजवळच्या गर्दीत मैदानापर्यंत एक सरळ पट्टा मोकळा झाला. बापू मान खाली घालून त्यातून चालले होते. त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि तो वजनाचा नव्हता.

दोरापाशी ते थांबले. आत मुली उभ्या राहिल्या होत्या. पंचानं शिट्टी मारली, समोरची मुलगी चढाईला आली. शालन एका गुडघ्यावर झुकली, हात तयार. आजूबाजूची सगळी माणसं अजून या दोघांकडेच बघत होती. आणि हणमंतरावांनी बापूंच्या खांद्यावर एक सणसणीत चापट हाणली.

“अरे डावीकडं सरक की! तुझ्या टोपीनं रेषा दिसंना मला!”

बापू डावीकडं सरकले.